मचाणावरची जागल आणि मोडलेला कणा

शिकारीला बंदी येऊन पन्नास वर्षे उलटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकाऱ्याला मचाणावरून खाली उतरवले. मचाण मात्र राहिले आणि त्यावर आता शेतकरी बसतो. विदर्भात याला जागल म्हणतात. सोयाबीन भरली, तूर शेंगांवर आली, हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांचा कळप किंवा रोही एका रात्रीत वर्षाची मेहनत तुडवून जातात. म्हणून जेवण झाले की घरातला एक माणूस बॅटरी, काठी आणि घोंगडी घेऊन शेताकडे निघतो. झाडाच्या दुबेळक्यात बांधलेल्या फळ्यांवर, नाहीतर चार बल्ल्यांवर उभारलेल्या माचीवर बसून रात्र काढतो.

जागलीचा धोका म्हटला की वाघ, बिबट्या, साप आणि कुंपणात सोडलेली बेकायदा वीज यांचीच चर्चा होते. हे धोके खरे आहेत. पण अपघात विभागात मचाणावरून आणलेल्या माणसाला बहुतेक वेळा कोणत्याही जनावराने हात लावलेला नसतो. तो पडलेला असतो. आणि पडण्याची आपल्याकडे बातमी होत नाही. ‘पाय घसरला, नशीब’ एवढ्यावर विषय संपतो.

तो असा संपू नये, हे अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून कळते. तिथे हरणांची शिकार कायदेशीर आहे आणि शिकारी पंधरा-वीस फुटांवर झाडाला टांगलेल्या छोट्या मचाणावर तासन्‌तास बसतात. बंदूकधारी माणसांचा छंद म्हटल्यावर दुखापती गोळीच्याच असणार, असे कुणालाही वाटेल. ओहायो राज्यातल्या दोन मोठ्या ट्रॉमा केंद्रांनी शिकारीत जखमी झालेल्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्मे रुग्ण पडून जखमी झालेले निघाले. त्यांतले बहुतेक सगळे मचाणावरून पडले होते. गोळी लागलेल्यांची संख्या त्याहून बरीच कमी होती. अशा नोंदी हाती आल्या की काय शिकवायचे ते ठरवता येते. आज तिथल्या शिकार-प्रशिक्षणात जमिनीवरून पाय उचलल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत अंगावर पट्टा आणि पट्ट्याला दोर, हा पहिला धडा असतो. आपल्याकडे मचाण शेकडो वर्षांचे आहे, पण हा धडा कुणी कुणाला देत नाही.

बारा फूट ही काही उंची वाटत नाही. पण बारा फुटांवरून सुटलेला माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर आदळतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे तीस किलोमीटर असतो. रस्त्यावरून जाणारी मोटारसायकल त्या वेगाने भिंतीवर धडकली, तर काय होईल ते आपल्याला समजते. इथे भिंतीच्या जागी ढेकळांची जमीन असते, एवढाच फरक. नारळाच्या चाळीस फुटी झाडावरून हाच वेग पंचावन्नच्या आसपास जातो.

माणूस पायांवर पडला तर आधी टाचेचे हाड फुटते. धक्का तिथून वर गुडघा, खुबा, कंबर असा चढत जातो आणि बरगड्या संपतात त्या जागेवर येऊन बसतो. छातीचा कणा बरगड्यांच्या पिंजऱ्याने जखडलेला असतो, कमरेचा कणा मोकळा असतो. ताठ आणि लवचीक यांच्या या सांध्यावर, म्हणजे छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका इथे, सगळा भार एकवटतो. मणका चिरडतो आणि त्याचे तुकडे मागे मज्जारज्जूत घुसू शकतात. म्हणूनच उंचावरून पडून टाच मोडलेल्या रुग्णाची पाठ तपासल्याशिवाय सोडायचे नाही, असे वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवले जाते. पायाच्या वेदनेपुढे रुग्णाला पाठीचे दुखणे सांगायचेच सुचत नाही.

आता माणूस पडतो का, ते पाहू. चढता-उतरताना, म्हणजे शिडी सोडून फळीवर पाय टाकताना किंवा फळीवरून शिडीचा दांडा चाचपताना, तोल जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एका हातात बॅटरी, काखेत घोंगडी, खांद्यावर पाण्याची कॅन, मग झाड धरायला उरतो एकच हात. दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कोणत्याही क्षणी पक्के हवेत. सामान नंतर दोरीने वर ओढून घ्यावे आणि उतरण्याआधी दोरीनेच खाली सोडावे. खोडात ठोकलेले खिळे आणि लाकडाचे ठोकळे ही पायरी नव्हे. झाड वाढते, साल सुटते, लाकूड कुजते आणि गेल्या वर्षीची पायरी यंदा पायाखालून निघते. शिडी मचाणाच्या फळीपेक्षा दोन-तीन फूट वर गेलेली असावी, म्हणजे पाऊल बदलताना हाताला धरायला काही राहते.

दुसरे कारण झोप. जागल म्हणतात खरे, पण दिवसभर राबलेला माणूस रात्रभर जागा राहूच शकत नाही. त्याला डुलकी लागणार हे गृहीत धरूनच मचाण बांधले पाहिजे. चारही बाजूंनी कमरेइतका कठडा आणि शिडीच्या तोंडाशी आडवा टाकायचा दांडा, एवढे तर हवेच. बहुतेक माचींना तेही नसते.

तिसऱ्या कारणाबद्दल डॉक्टरांखेरीज कुणी बोलणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागलीला जाणारा माणूस आता पंचविशीतला राहिलेला नाही. पोरे शहरात गेली, मचाणावर बसतो तो साठीतला बाप. त्याला रक्तदाबाची गोळी सुरू असते. लघवी अडते म्हणून प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी असते, आणि ती रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितलेली असते. या गोळ्यांनी काही जणांचा रक्तदाब एकदम उठून उभे राहिल्यावर खाली येतो. पहाटे तीनला तो घोंगडीतून उठतो, उतरायचा कंटाळा म्हणून मचाणाच्या कडेलाच उभा राहून लघवी करतो. झोपेतून उठून उभे राहणे आणि लघवी करणे या दोन्ही क्रियांत निरोगी माणसाचासुद्धा रक्तदाब क्षणभर घसरू शकतो. वैद्यकशास्त्राला ही मूर्च्छा चांगली परिचयाची आहे. घरात असे झाले तर माणूस न्हाणीघरात कोसळतो. इथे बारा फूट खाली जातो.

यावरचे उपाय अगदी साधे आहेत. बसूनच उठावे, म्हणजे आधी उठून बसावे, मिनिटभर पाय हलवावेत, मग उभे राहावे. लघवीसाठी वर एखादा डबा किंवा रुंद तोंडाची बाटली ठेवावी आणि ती बसून वापरावी. यात लाजण्यासारखे काही नाही. गोळ्या मनाने बंद करू नयेत, पण आपण रात्री उंचावर बसतो हे डॉक्टरांना सांगावे. वेळ किंवा मात्रा बदलता येते. खरे तर ‘जागलीला जाता का?’ हा प्रश्न ग्रामीण बाह्यरुग्ण विभागात साठीच्या प्रत्येक शेतकऱ्याला विचारला गेला पाहिजे. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण अर्धवट टाकून शेतावर गेलेल्याची साखर पहाटे उतरू शकते. त्याने सोबत गूळ किंवा बिस्किटे ठेवावीत. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. फिट येणाऱ्या माणसाने मचाणावर चढूच नये. आणि थंडीवर उतारा म्हणून घेतलेल्या दारूबद्दल वेगळे काही सांगायला नको.

आता पट्ट्याकडे वळू. बांधकामावर ज्याला सरसकट सेफ्टी बेल्ट म्हणतात, त्याचे दोन प्रकार बाजारात मिळतात. नुसता कमरेचा पट्टा घेऊ नये. पडताना सगळा झटका पोटावर बसतो, यकृत-प्लीहेला इजा होते, माणूस उलटा लटकू शकतो. कमरेला दोरी गुंडाळून बसणे हा त्याचाच गावठी अवतार आहे. दोन्ही खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या धरणारा पूर्ण पट्टा घ्यावा. त्यावर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा. हजार-दोन हजारांत तो येतो.

पण पट्टा घेतला म्हणजे काम झाले, असे नाही. बांधकामाच्या पट्ट्यासोबत साधारण सहा फुटांची दोरी येते. ती मचाणाच्या फळीला बांधली आणि माणूस बारा फुटांवरून पडला, तर काय होईल? सहा फूट दोरी, त्याखाली पाठीच्या कडीपासून पायापर्यंतचे पाचेक फूट शरीर, वर पट्ट्याचा आणि दोरीचा ताण. दोरी ताणली जाईपर्यंत पाय जमिनीला लागलेले असतात. म्हणून दोरी झाडाच्या जिवंत, जाड खोडाला बसल्यानंतर डोक्याच्या वर येईल अशी बांधायची, आणि इतकी आखूड ठेवायची की बसल्यावर ती जेमतेम सैल राहील. चढण्या-उतरण्यासाठी त्याच खोडाला वरून जमिनीपर्यंत एक जाड दोर कायमचा सोडून ठेवायचा आणि त्यावर सरकणारी पण झटका बसताच आवळणारी गाठ किंवा कडी पट्ट्याला जोडायची. अशी गाठ गिर्यारोहण करणारा कुणीही दहा मिनिटांत शिकवेल. महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांची वाण नाही; त्यांनी सुगीआधी एखादा रविवार गावांना दिला, तर ते मोठे काम होईल. चार बल्ल्यांच्या सुट्या माचीला मात्र या दोराचा भरवसा धरू नये, कारण माचच कलंडू शकते. तिथे कठडा आणि बल्ल्यांची मजबुती हाच आधार. बांबू आणि बांधलेले दोर दर हंगामाला बदलावेत. काडेपेटीत ओलावा जाऊ नये म्हणून जपणारा शेतकरी मचाणाचा काथ्या तीन पावसाळे चालवतो, हे पाहून आश्चर्य वाटते.

पट्ट्याने वाचवलेला माणूसही सुरक्षित नसतो. तो हवेत लटकत असतो. हालचाल न करता लटकत राहिले की मांड्यांच्या पट्ट्यांखाली पायांत रक्त साचते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. यासाठी पट्ट्यालाच दोरीचा एक फास अडकवून ठेवावा, लटकल्यावर त्यात पाय घालून उभे राहता येते. ते नसेल तर पाय सायकलसारखे चालवत राहावे आणि हाक मारावी. मोबाइल खिशात हवा, घोंगडीखाली नको. खाली उतरवल्यावर त्याला सपाट झोपवावे. बसवून ठेवण्याचा पूर्वी दिला जाणारा सल्ला आता मागे पडला आहे.

पट्टा नव्हता आणि माणूस पडला, तर पुढची पंधरा मिनिटे त्याच्या उरलेल्या आयुष्याइतकी महत्त्वाची ठरू शकतात. मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू तुटलाच असे नसते. तुकडे जागेवर असतात, रज्जू दबलेला पण जिवंत असतो, पायांत थोडी हालचाल असते. मग चार जण धावत येतात. दोघे बगलेत हात घालतात, दोघे पाय धरतात आणि त्याला झोळीसारखा उचलतात. कणा नेमका मोडलेल्या जागी वाकतो. कधी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणतात. पडताना हलणारे पाय पोहोचेपर्यंत लुळे झालेले असतात. माणसे प्रेमापोटी आणि घाईने करतात, त्यांना दोष कसा द्यायचा? त्यांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

सांगायचे ते एवढेच. श्वास चालू आहे ना आणि कुठून रक्त वाहते का, हे आधी पाहा. वाहते तिथे कापडाने दाबून धरा. त्याला बसवू नका, उभे करू नका, पाणी पाजू नका. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरावे. पायाची बोटे हलवायला सांगा, स्पर्श कळतो का विचारा आणि वेळ लक्षात ठेवा. ही एक माहिती शल्यचिकित्सकाला फार उपयोगी पडते. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका बांधापर्यंत येणार नाही हे उघड आहे, तेव्हा रस्त्यापर्यंत न्यावेच लागेल. त्यासाठी बाज नको, ती मध्ये झोल खाते. दाराची फळी, सपाट लांब पाट, असे न वाकणारे काही आणा. तिघांनी एका बाजूला बसून खांदा, कंबर, पाय असे धरून, डोके धरलेल्याच्या इशाऱ्यावर त्याला ओंडक्यासारखे एकसंध कुशीवर वळवायचे. पाचव्याने फळी पाठीमागे सरकवायची आणि पुन्हा तसेच एकसंध उताणे करायचे. उलटी झाली तरी असेच वळवायचे. हाडवैद्याकडे नेऊन ओढून घेण्याचा मोह या बाबतीत तरी टाळा. श्वासच चालत नसेल, तर मात्र कण्याचा विचार बाजूला ठेवून छाती दाबायला सुरुवात करायची.

आणि जो स्वतः उठून चालत घरी आला, त्यालाही दवाखाना चुकवू नये. डोक्याला मार लागून काही तास ठीक असलेला माणूस नंतर ओकाऱ्या आणि ग्लानीत जाऊ शकतो. फाटलेली प्लीहा आधी नुसती डाव्या कुशीत किंवा डाव्या खांद्यात दुखते.

दोन्ही पाय गेलेल्या माणसाचे पुढे काय होते? लघवी-शौचावरचे नियंत्रण जाते, संवेदना नसल्याने बसल्या जागी जखमा होतात. यातले बरेच टाळता येते. दर दोन तासांनी कूस बदलणे, ठरावीक वेळी स्वच्छ नळीने लघवी काढायला स्वतः शिकणे, मूत्रपिंडाची तपासणी, चाकाची खुर्ची आणि बसून करता येईल असे काम, यांच्या जोरावर अशी माणसे दीर्घकाळ जगतात. पण हे शिकवणारी पुनर्वसन केंद्रे मुंबईत हाजी अलीला असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेसारखी मोजकी आणि मोठ्या शहरांत आहेत. गावी परतलेला रुग्ण बहुधा पाय गेले म्हणून मरत नाही. जखमा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्याला नेतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात आणि त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. यात आपल्या जागलीवाल्याचा वाटा किती, हे शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. केसपेपरवर लिहिलेले असते ‘उंचावरून पडून’. ते इमारत होती, विहीर होती, झाड होते की मचाण, याचा पत्ता नसतो. वास्तविक आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत झाडावरून पडण्याला डब्ल्यू१४ असा स्वतंत्र क्रमांक आहे. तो वापरायला ना पैसे लागतात, ना यंत्र. आरोग्य खात्याने जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांना हा क्रमांक आणि त्यासोबत ‘मचाण’ हा एक शब्द सक्तीने नोंदवायला सांगावे. दोन हंगामांत चित्र समोर येईल आणि सौर कुंपणाच्या अनुदानाइतकाच पट्ट्याचाही विचार करता येईल. कुंपण नीट झाले तर मचाणावर चढायची गरजच कमी होते, हेही खरे.

भरपाईची बाजू आणखी लंगडी आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत उंचावरून पडणे धरलेले आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची मदत मिळते, दोन्ही पाय गेल्यासही तेवढीच. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जागल करतो, त्याला ती लागू नाही. कोकणात दुसऱ्याच्या माडा-पोफळींवर चढणाऱ्याची हीच गत आहे. नारळाच्या बाबतीत निदान काही तरी झाले. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण दिले, आणि चढणाऱ्यांसाठी अपघात विमा काढला, ज्याच्या हप्त्याचा मोठा भाग मंडळच भरते. तिथे विमा चढणाऱ्याच्या नावाने निघतो, झाड कुणाच्या मालकीचे याला महत्त्व नाही. जागल करणाऱ्या मजुरासाठी राज्याला हाच नमुना उचलता येईल.

तोवर, ज्यांना योजना लागू आहे त्यांनी एक करावे. पडलेल्या माणसाला रुग्णालयात आणल्यावर अपघात मचाणावर, शेतात आणि रात्री पीक राखताना झाला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे, पोलिसांत नोंद करून पंचनामा करवून घ्यावा आणि कागद लवकरात लवकर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावेत.